केंब्रिज विद्यापीठातील स्त्रीशिक्षण

केंब्रिज विद्यापीठातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास साधारणपणे १८६९ पासून मोजला जातो. त्या वर्षी केंब्रिजच्या धर्तीवर स्त्रियांना उच्च शिक्षण देणारे पहिले निवासी महाविद्यालय इंग्लंडमध्ये सुरू झाले. तेराव्या शतकात स्थापन झालेल्या या विद्यापीठात तोपर्यंत साडेसहा शतके केवळ पुरुषांनाच प्रवेश होता. १८८१ मध्ये स्त्रियांना परीक्षेस बसण्याचा अधिकार मिळाला, १९२१ मध्ये नाममात्र पदवी आणि १९४८ मध्ये पूर्ण पदवी. पुरुषांच्या महाविद्यालयांची दारे मात्र १९७२ ते १९८८ या काळात एकेक करून उघडली. ब्रिटनमधील विद्यापीठांत स्त्रियांना पूर्ण पदवी देणारे केंब्रिज हे शेवटचे ठरले. ऑक्सफर्डने ती १९२० मध्येच दिली होती.

व्याख्यान ऐकणे, परीक्षा देणे आणि पदवी मिळणे या तीन गोष्टी केंब्रिजमध्ये एकमेकींपासून कित्येक दशके अलग राहिल्या, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे. पदवी म्हणजे शिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला, हा अर्थ आज सर्वपरिचित आहे. केंब्रिजमध्ये पदवीला याहून एक जास्तीचा अर्थ होता. एम.ए. झालेला पदवीधर विद्यापीठाच्या सिनेटचा सभासद होई, आणि विद्यापीठाचे नियम बदलायचे की नाही हे सिनेटच्या मतदानाने ठरे. त्यामुळे स्त्रियांना पदवी देणे म्हणजे विद्यापीठाच्या कारभारात त्यांना मत देणे होते. वाद तेथे अडला.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत केंब्रिज हे अँग्लिकन पंथीय पुरुषांचे आणि बऱ्याच अंशी ब्रह्मचाऱ्यांचे विद्यापीठ होते. महाविद्यालयांच्या अधिछात्रांना (फेलो) विवाह केल्यास सामान्यतः पद सोडावे लागे. हा नियम १८८२ च्या नव्या नियमावलीने सैल झाला. पंथाची अट १८७१ च्या कायद्याने बहुतांशी रद्द झाली होती. स्त्रियांसाठीचे प्रयत्न याच बदलांच्या काळात सुरू झाले, आणि विद्यापीठात सुधारणा हवी असलेल्या प्राध्यापकांचे पाठबळ त्यांना मिळाले.

पहिली फट शालेय परीक्षांमधून पडली. विद्यापीठ गावोगावच्या शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘स्थानिक परीक्षा’ घेत असे. एमिली डेव्हिस यांच्या खटपटीमुळे डिसेंबर १८६३ मध्ये त्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका प्रायोगिक स्वरूपात मुलींना देण्यात आल्या. पूर्वतयारीसाठी जेमतेम काही आठवडे मिळूनही ८० च्या आसपास मुली बसल्या. अंकगणितात त्यांतील पुष्कळ अनुत्तीर्ण झाल्या. डेव्हिस यांनी या निकालाचा उपयोग मुलींच्या शाळांत गणित किती वाईट शिकवले जाते हे दाखवण्यासाठी करून घेतला. १८६५ पासून ही परीक्षा मुलींना रीतसर खुली झाली.

गर्टन आणि न्यूनहॅम

एमिली डेव्हिस या एका धर्मोपदेशकाच्या कन्या होत्या. स्त्रियांनी पुरुषांचाच अभ्यासक्रम त्याच मुदतीत पूर्ण करावा आणि तीच परीक्षा द्यावी, याबाबत त्यांनी कधी तडजोड केली नाही. स्त्रियांसाठी सोयीची म्हणून वेगळी परीक्षा स्वीकारली, तर ती कायमची दुय्यम समजली जाईल, अशी त्यांची भूमिका होती. चित्रकार व स्त्रीहक्क चळवळीतील कार्यकर्त्या बार्बरा बोदिशॉं यांच्या साहाय्याने त्यांनी १६ ऑक्टोबर १८६९ रोजी हिचिन या गावी भाड्याच्या घरात महाविद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत पाच विद्यार्थिनी होत्या. हिचिन केंब्रिजपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तरुण पुरुषांच्या गावात तरुण स्त्रियांची वसती नको, ही तत्कालीन समाजाची भीती हे अंतर ठेवण्यामागे होती. प्राध्यापक आगगाडीने येऊन शिकवत. १८७३ मध्ये महाविद्यालय केंब्रिजजवळच्या गर्टन या खेड्यात स्वतःच्या इमारतीत आले आणि त्याला तेच नाव मिळाले. तेथूनही शहराचा मध्य सुमारे ४ किलोमीटर दूर होता.

दुसरा प्रयत्न खुद्द शहरात झाला. तत्त्वज्ञ हेन्री सिजविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७० मध्ये स्त्रियांसाठी व्याख्यानमाला सुरू केली. तिचे बेत राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक हेन्री फॉसेट आणि त्यांच्या पत्नी मिलिसंट फॉसेट यांच्या घरी आखले गेले होते. (दृष्टिहीन असलेले हेन्री फॉसेट ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानच्या खर्चाचा हिशेब सातत्याने मागत. त्यामुळे ‘हिंदुस्थानचे सभासद’ असे त्यांना म्हटले जाई.) बाहेरगावच्या विद्यार्थिनींच्या राहण्याची सोय म्हणून सिजविक यांनी १८७१ मध्ये एक घर भाड्याने घेतले आणि ॲन जेमायमा क्लफ यांना तेथे व्यवस्थापिका म्हणून बोलावले. येथेही पहिल्या विद्यार्थिनी पाचच होत्या. यातूनच १८७५ मध्ये न्यूनहॅम हॉल आणि १८८० मध्ये न्यूनहॅम महाविद्यालय आकारास आले.

दोन्ही संस्थांचे धोरण सारखे नव्हते. केंब्रिजची प्राथमिक परीक्षा देण्यासाठी ग्रीक व लॅटिन आवश्यक होते, आणि मुलींच्या शाळांत या भाषा क्वचितच शिकवल्या जात. डेव्हिस यांनी तरीही गर्टनच्या विद्यार्थिनींना ती परीक्षा देण्यास भाग पाडले. सिजविक यांना ग्रीकची सक्ती पुरुषांसाठीसुद्धा निरर्थक वाटे. विद्यार्थिनीने तिच्या तयारीप्रमाणे विषय निवडावा आणि जमेल तितका काळ शिकावे, असे न्यूनहॅमचे धोरण होते. डेव्हिस यांना त्यात धोका दिसे. पुढील घटना पाहता समान परीक्षेच्या आग्रहामुळे गर्टनचा युक्तिवाद बळकट झाला असे म्हणावे लागते. पण ज्या मुलींचे शालेय शिक्षण अर्धवट होते त्यांच्यापैकी अनेकींना दार उघडले ते न्यूनहॅमने.

परीक्षेचा अधिकार

केंब्रिजच्या ऑनर्स परीक्षेला ‘ट्रायपॉस’ म्हणतात. ती देण्याचा अधिकार स्त्रियांना नव्हता. परीक्षकांनी मर्जीने प्रश्नपत्रिका दिली आणि उत्तरे तपासली, तर मात्र त्याला मनाई नव्हती. गर्टनच्या तीन विद्यार्थिनींनी १८७३ मध्ये या पद्धतीने गणित व अभिजात भाषांची ट्रायपॉस दिली. त्यांपैकी सेरा वुडहेड यांनी गणितात द्वितीय वर्गाचे गुण मिळवले. पुढच्या वर्षी न्यूनहॅमच्या मेरी पेली आणि त्यांच्या एका सहाध्यायिनीने तत्त्वज्ञान व अर्थशास्त्राचा समावेश असलेली परीक्षा एका प्राध्यापकाच्या दिवाणखान्यात बसून दिली. चार परीक्षकांपैकी दोघांनी मेरी पेलींना प्रथम वर्ग दिला आणि दोघांनी द्वितीय. अधिकृत निकालच नसल्यामुळे बरोबरी फोडण्याची गरज कोणाला पडली नाही.

गणिताच्या ट्रायपॉसमध्ये प्रथम वर्गात आलेल्यांना ‘रँग्लर’ आणि पहिल्या क्रमांकास ‘सीनियर रँग्लर’ म्हटले जाई. हा शब्द महाराष्ट्रात परिचित आहे तो रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे. ते १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि हा मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले. इंग्लंडमध्ये त्या काळी रँग्लरांची नावे वृत्तपत्रांतून छापून येत. त्यामुळे या यादीत स्त्री कोठे बसते, हा प्रश्न विद्यापीठाबाहेरही कुतूहलाचा होता.

१८८० मध्ये गर्टनच्या शार्लट अँगस स्कॉट यांना गणितात आठव्या रँग्लरइतके गुण मिळाले. निकालाच्या वाचनात त्यांचे नाव येणे शक्य नव्हते. आठव्या क्रमांकाशी येताच सभागृहातील विद्यार्थ्यांनी ‘गर्टनची स्कॉट’ असा गजर केला. या प्रसंगानंतर न्यूकॅसल येथून स्त्रियांच्या परीक्षाहक्कासाठी एक विनंतिपत्र निघाले व त्यावर हजारो सह्या झाल्या. २४ फेब्रुवारी १८८१ रोजी सिनेटने मोठ्या बहुमताने ठराव संमत केले. त्यानुसार गर्टन व न्यूनहॅमच्या विद्यार्थिनींना ट्रायपॉस देण्याचा अधिकार, स्वतंत्र यादीत प्रसिद्धी आणि प्रमाणपत्र मिळाले. पदवी मिळाली नाही. पुरुषांना असलेली साधारण पदवी परीक्षेची सोपी वाटही स्त्रियांना खुली करण्यात आली नाही. पुरुष विद्यार्थ्यांतील कित्येकजण त्याच वाटेने बाहेर पडत, पण केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या स्त्रीला ऑनर्सच द्यावे लागे.

स्कॉट यांनी पुढे लंडन विद्यापीठाची पदवी व डॉक्टरेट मिळवली आणि १८८५ मध्ये अमेरिकेतील ब्रिन मॉर महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी त्या निघून गेल्या. लंडन विद्यापीठाने १८७८ मध्येच स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या होत्या. हिंदुस्थानातील विद्यापीठेही या बाबतीत केंब्रिजच्या पुढे होती. कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू या १८८३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, आणि मुंबई विद्यापीठाने त्याच वर्षी आपल्या पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होऊन १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तेथील कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ऑक्सफर्डची पदवी मात्र त्यांना सुमारे तीस वर्षांनी मिळाली. ब्रिटिश सत्तेखालील मुंबईत स्त्रीला जे मिळत होते ते इंग्लंडच्या दोन जुन्या विद्यापीठांत मिळत नव्हते.

१८८७ मध्ये गर्टनच्या ॲग्नाटा रॅम्झी अभिजात भाषांच्या ट्रायपॉसमध्ये सर्वोच्च श्रेणीत आल्या. त्या वर्षी त्या श्रेणीत एकही पुरुष नव्हता. १८९० मध्ये न्यूनहॅमच्या फिलिपा फॉसेट यांचे गुण सीनियर रँग्लरपेक्षा सुमारे १३ टक्के अधिक भरले. त्या हेन्री आणि मिलिसंट फॉसेट यांच्या कन्या होत. ज्या व्याख्यानमालेचे बेत त्यांच्या आईवडिलांच्या घरी आखले गेले, तिच्यातून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयाच्या त्या विद्यार्थिनी होत्या. निकालात त्यांच्या नावापुढे ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असे शब्द आले, पण सीनियर रँग्लर हा किताब त्यांच्या खालच्या पुरुषाला मिळाला.

अभ्यासाची परिस्थिती

परीक्षेचा अधिकार मिळाल्यावरही शिकण्याची साधने पूर्णपणे खुली झाली नाहीत. व्याख्यानाला बसू द्यायचे की नाही हे प्रत्येक प्राध्यापकाच्या इच्छेवर अवलंबून असे. सुरुवातीच्या काळात विद्यार्थिनींबरोबर एखादी प्रौढ स्त्री असणे बंधनकारक होते. प्रयोगशाळांत जागा मिळत नसल्यामुळे दोन्ही महाविद्यालयांनी १८८४ मध्ये एका वापरात नसलेल्या प्रार्थनामंदिरात ‘बॅल्फर जीवशास्त्र प्रयोगशाळा’ उभारली. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनींचे काम तेथे चाले, आणि शिकवणाऱ्याही बहुतांशी स्त्रियाच होत्या. विद्यापीठाच्या प्रयोगशाळा खुल्या झाल्यावर १९१४ मध्ये ती बंद झाली. विज्ञान शिकलेल्या स्त्रियांना केंब्रिजमध्ये पगारी काम देणाऱ्या मोजक्या जागांपैकी ती एक होती. तिच्या बंद होण्याने विद्यार्थिनींचा फायदा झाला, पण अध्यापिकांच्या जागा गेल्या.

१८९७ चे मतदान

परीक्षेच्या हक्कानंतर पदवीची मागणी आली. १८८७ मधील प्रयत्न पुढे सरकला नाही. १८९६–९७ मध्ये ठराव मांडला गेला तो सौम्य होता. स्त्रियांना पदवीचे केवळ नाव द्यावे, सभासदत्व देऊ नये, असे त्यात म्हटले होते. विरोधकांना तेवढेही मान्य नव्हते. नाव दिले की आज ना उद्या मतही द्यावे लागेल, केंब्रिजमध्ये स्त्रिया आल्या तर पुरुष विद्यार्थी ऑक्सफर्डकडे वळतील, स्त्रियांनी स्वतःचे स्वतंत्र विद्यापीठ काढावे, असे त्यांचे मुख्य मुद्दे होते.

विरोध करणाऱ्यांमध्ये अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शल यांचे नाव उल्लेखनीय आहे. ते न्यूनहॅमच्या आरंभीच्या शिक्षकांपैकी होते. दिवाणखान्यात परीक्षा दिलेल्या मेरी पेली त्यांच्या विद्यार्थिनी होत्या व १८७७ मध्ये त्यांच्या पत्नी झाल्या. या विवाहामुळे मार्शल यांना अधिछात्रपद सोडून काही वर्षे ब्रिस्टॉलला जावे लागले. ‘इकॉनॉमिक्स ऑफ इंडस्ट्री’ (१८७९) हे पुस्तक दोघांनी मिळून लिहिले. पुढे प्राध्यापक म्हणून केंब्रिजला परतलेल्या मार्शल यांनी स्त्रियांच्या पदवीला उघड विरोध केला. त्याच काळात मेरी पेली मार्शल न्यूनहॅममध्ये अर्थशास्त्र शिकवत होत्या.

मतदान २१ मे १८९७ रोजी सिनेट हाऊसमध्ये झाले. मताधिकार असलेले जुने पदवीधर देशभरातून आले, त्यांच्यासाठी लंडनहून खास आगगाड्या सोडण्यात आल्या. यांतील बहुतेक जण कित्येक वर्षांपूर्वी केंब्रिज सोडून गेलेले धर्मोपदेशक, वकील आणि शिक्षक होते. सिनेट हाऊससमोरील एका पुस्तकांच्या दुकानावर विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा टांगला होता. ठरावाविरुद्ध १,७०० हून अधिक आणि बाजूने सुमारे ६६० मते पडली. निकाल कळताच जमावाने तो पुतळा खाली ओढला, त्याची मोडतोड केली आणि न्यूनहॅमच्या फाटकापर्यंत मिरवणूक नेली. रात्री शहरात शेकोट्या पेटल्या. या प्रसंगाची छायाचित्रे उपलब्ध आहेत व केंब्रिजच्या इतिहासावरील लेखनात ती वारंवार छापली जातात.

डब्लिनची वाट

केंब्रिजची पदवी नसल्याचा परिणाम नोकरीवर होई. शाळेतील मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी अर्ज करताना इतर विद्यापीठांच्या स्त्रिया नावापुढे बी.ए. लिहीत, केंब्रिजच्या रँग्लर स्त्रीला ते लिहिता येत नसे. १९०४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या. ऑक्सफर्ड, केंब्रिज व डब्लिन ही विद्यापीठे एकमेकांच्या पदव्या परस्परांना देत. त्या जुन्या रिवाजाचा आधार घेऊन १९०४ ते १९०७ या काळात ७०० च्या आसपास स्त्रियांनी समुद्र ओलांडून डब्लिनला जाऊन शुल्क भरले आणि पदवी घेतली. एका दिवसासाठी बोटीने येणाऱ्या या पदवीधरांना ‘स्टीमबोट लेडीज’ म्हटले गेले. त्यांच्या शुल्कातून जमलेला पैसा डब्लिनमध्ये विद्यार्थिनींचे वसतिगृह उभारण्यास उपयोगी पडला.

१९२१ ची नाममात्र पदवी

पहिल्या महायुद्धाने परिस्थिती बदलली. १९१८ च्या कायद्याने तीस वर्षांवरील पात्र स्त्रियांना संसदेसाठी मताधिकार मिळाला. त्या काळी विद्यापीठांचे स्वतंत्र मतदारसंघ असत. पदवीस आवश्यक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, पण विद्यापीठ पदवी देत नसलेल्या स्त्रियांनाही या मतदारसंघात मत देण्याची तरतूद कायद्यात होती. परिणामी गर्टनची माजी विद्यार्थिनी केंब्रिज विद्यापीठाचा संसदसदस्य निवडू शकत होती, पण त्याच विद्यापीठाच्या सिनेटमध्ये तिला मत नव्हते. १९१९ च्या कायद्याने विद्यापीठांना स्त्रियांना सभासद करून घेण्याची मुभा दिली, परंतु सक्ती केली नाही. ऑक्सफर्डने १९२० मध्ये ही मुभा वापरली.

केंब्रिजमध्ये पूर्ण सभासदत्वाचा ठराव डिसेंबर १९२० मध्ये फेटाळला गेला. ऑक्टोबर १९२१ मध्ये तडजोड झाली. स्त्रियांना ‘पदवीचे नाव’ मिळेल, सभासदत्व नाही. निकालानंतर विद्यार्थ्यांच्या जमावाने न्यूनहॅमवर चाल केली आणि हातगाडीचा ओंडक्यासारखा वापर करून तेथील कांस्य फाटकांचे नुकसान केले. ही फाटके पहिल्या प्राचार्या क्लफ यांच्या स्मरणार्थ बसवलेली होती. स्त्रियांच्या पदवीची प्रमाणपत्रे टपालाने पाठवली जात. पदवीदान समारंभात त्यांना स्थान नव्हते आणि विद्यापीठाचा झगा घालण्याचा अधिकारही नव्हता. एमिली डेव्हिस यांचे निधन जुलै १९२१ मध्ये, म्हणजे हा निर्णय होण्याच्या तीन महिने आधी झाले.

१९२६ च्या नियमावलीने स्त्रियांना व्याख्यानांचा हक्क दिला आणि विद्यापीठातील अध्यापनाच्या पदांसाठी त्या पात्र ठरल्या. त्याच वेळी विद्यार्थिनींच्या संख्येवर ५०० ची मर्यादा घालण्यात आली. विद्यापीठाचे दैनंदिन निर्णय सिनेटऐवजी केंब्रिजमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या ‘रीजंट हाऊस’ या मंडळाकडे गेले, हा या नियमावलीतील दुसरा बदल. स्त्रियांना त्यात स्थान नव्हते. तरीही या बदलामुळे बाहेरगावच्या जुन्या पदवीधरांची मते निर्णायक राहिली नाहीत. १९४७ मध्ये विरोध उभा न राहण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते.

या मधल्या काळात काही जणींनी केंब्रिज सोडले. खगोलशास्त्रज्ञ सिसिलिया पेन यांनी न्यूनहॅममध्ये शिक्षण घेतले, पण इंग्लंडमध्ये संशोधनाची संधी दिसत नसल्याने १९२३ मध्ये त्या अमेरिकेतील हार्वर्डला गेल्या. तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत हा निष्कर्ष त्यांनी तेथील प्रबंधात मांडला. लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी ऑक्टोबर १९२८ मध्ये न्यूनहॅम व गर्टन येथे दिलेल्या व्याख्यानांतून ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) हे पुस्तक तयार झाले. पुरुषांच्या समृद्ध महाविद्यालयांशी तुलना करता स्त्रियांच्या महाविद्यालयांची गरिबी हा त्यातील एक प्रमुख विषय आहे. डोरोथी गॅरड यांची १९३९ मध्ये पुरातत्त्वशास्त्राच्या डिझ्नी प्राध्यापकपदी निवड झाली. ऑक्सफर्ड व केंब्रिज मिळून प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. प्राध्यापक असूनही त्या विद्यापीठाच्या सभासद नव्हत्या आणि आपल्याच विभागाशी संबंधित नियमांवर त्यांना मत देता येत नव्हते.

महाराष्ट्रातील विद्यार्थिनी

नाममात्र पदवीच्या या कालखंडात केंब्रिजला गेलेल्या दोन मराठी स्त्रियांची नावे विशेष परिचित आहेत. शकुंतला परांजपे या रँग्लर परांजपे यांच्या कन्या. त्यांनी न्यूनहॅममध्ये गणिताची ट्रायपॉस दिली आणि १९२९ मध्ये तेथील शिक्षण पूर्ण केले. ज्या परीक्षेमुळे वडिलांचे नाव हिंदुस्थानभर झाले तीच परीक्षा कन्येने तीस वर्षांनी दिली. (गुणानुक्रमाने नावे प्रसिद्ध करण्याची पद्धत १९०९ नंतर बंद झाली होती.) वडील त्या पदवीमुळे विद्यापीठाचे सभासद होऊ शकत होते, मुलीला मिळणारी पदवी नाममात्र होती. शकुंतला परांजपे पुढे जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काही काळ होत्या. महाराष्ट्रात त्या लेखिका आणि संततिनियमनाच्या प्रचारक म्हणून ओळखल्या जातात. दिग्दर्शिका सई परांजपे या त्यांच्या कन्या होत.

दुसऱ्या कमला भागवत, विवाहानंतरच्या कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळवताना त्यांना संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांचा विरोध सहन करावा लागला. एक वर्ष अटींवर काम करून दाखवल्यावर त्यांना नियमित प्रवेश मिळाला. डिसेंबर १९३७ मध्ये त्यांनी न्यूनहॅममध्ये प्रवेश घेतला आणि जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत वनस्पतींच्या श्वसनक्रियेवर संशोधन केले. वनस्पतींच्या पेशींमध्ये ‘सायटोक्रोम सी’ हा घटक असल्याचे त्यांनी दाखवले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानशाखेत ही उपाधी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. मराठीत त्यांच्यावर लिहिताना रामन यांच्या नकाराचा उल्लेख नेहमी येतो. केंब्रिजने त्या काळात स्त्रियांना दिलेली पीएच.डी. सभासदत्वाविनाच असे, हा तपशील मात्र सहसा निसटतो.

१९४८ : पूर्ण सभासदत्व

दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रश्न फारसा गाजावाजा न होता सुटला. ६ डिसेंबर १९४७ रोजी स्त्रियांना पूर्ण सभासदत्व देणारा ठराव विरोधाविना संमत झाला आणि १९४८ मध्ये तो अमलात आला. गर्टन आणि न्यूनहॅम यांना विद्यापीठाची महाविद्यालये म्हणून मान्यता मिळाली. ऑक्टोबर १९४८ मध्ये सहावे जॉर्ज यांच्या पत्नी राणी एलिझाबेथ यांना सन्माननीय पदवी देण्यात आली. केंब्रिजची पूर्ण पदवी मिळालेली पहिली स्त्री अशा रीतीने तेथे कधीही न शिकलेली होती. सुमारे साडेसात दशके परीक्षा उत्तीर्ण होत आलेल्या विद्यार्थिनींच्या वाट्याला तो मान आला नाही, याची नोंद इतिहासकारांनी काहीशा उपरोधाने घेतली आहे.

पदवी मिळाली तरी जागा मर्यादितच होत्या. पुरुषांच्या अनेक महाविद्यालयांसमोर स्त्रियांची महाविद्यालये दोनच होती, आणि विद्यार्थिनींचे प्रमाण ब्रिटनच्या सर्व विद्यापीठांत केंब्रिजमध्ये सर्वांत कमी होते. त्यामुळे १९५४ मध्ये न्यू हॉल हे तिसरे महाविद्यालय १६ विद्यार्थिनींसह सुरू झाले. रसायनशास्त्रज्ञ रोझमेरी मरे त्याच्या पहिल्या प्रमुख होत्या. १९६५ मध्ये प्रौढ व पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी लूसी कॅव्हेंडिश महाविद्यालय स्थापन झाले.

सहशिक्षण

पुरुषांच्या महाविद्यालयांपैकी चर्चिल, क्लेअर आणि किंग्ज यांनी १९७२ मध्ये प्रथम पदवीपूर्व विद्यार्थिनींना प्रवेश दिला. इतरांनी पुढील सोळा वर्षांत हाच मार्ग स्वीकारला. यामागे तत्त्वाइतकाच व्यवहारही होता. सहशिक्षण असलेल्या महाविद्यालयांकडे हुशार विद्यार्थ्यांचा ओढा वाढला आणि केवळ पुरुषांची राहिलेली महाविद्यालये परीक्षांच्या निकालांत मागे पडू लागली. मॉडलिन हे सर्वांत शेवटचे. तेथे १९८८ मध्ये विद्यार्थिनी आल्या तेव्हा काही विद्यार्थ्यांनी दंडावर काळ्या फिती बांधल्या आणि ध्वज अर्ध्यावर उतरवला.

या बदलाचा ताण स्त्रियांच्या महाविद्यालयांवरही आला. गुणवान विद्यार्थिनींना आता जुन्या व श्रीमंत महाविद्यालयांचा पर्याय उपलब्ध झाला. गर्टनने १९७९ पासून पुरुष विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. न्यूनहॅमने तसे केले नाही. न्यू हॉल २००८ मध्ये मरे एडवर्ड्स महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. लूसी कॅव्हेंडिश २०२१ पासून सर्वांसाठी खुले झाले. त्यामुळे केवळ स्त्रियांसाठी असलेली न्यूनहॅम आणि मरे एडवर्ड्स ही दोनच महाविद्यालये उरली आहेत. सहशिक्षणामुळे विद्यार्थिनींची संख्या झपाट्याने वाढली, अध्यापिकांची मात्र त्या गतीने वाढली नाही. पूर्वी गर्टन व न्यूनहॅमच्या अधिछात्रपदांवर जवळजवळ सर्व स्त्रियाच असत, मिश्र महाविद्यालयांत तशी खात्री नव्हती.

रोझमेरी मरे १९७५ ते १९७७ या काळात विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री कुलगुरू होत्या. त्या वेळी हे पद महाविद्यालयांच्या प्रमुखांकडे अल्प मुदतीसाठी येत असे. पूर्ण वेळ कुलगुरूपद भूषवणाऱ्या पहिल्या स्त्री मानवशास्त्रज्ञ ॲलिसन रिचर्ड (२००३–२०१०) होत.

१९९८ मध्ये पूर्ण सभासदत्वाला ५० वर्षे झाल्यानिमित्त विद्यापीठाने १९४८ पूर्वी शिकलेल्या स्त्रियांना सिनेट हाऊसमध्ये समारंभासाठी बोलावले. शेकडो वृद्ध माजी विद्यार्थिनी आल्या. त्यांतील बहुतेकींची पदवी पूर्वी टपालाने आली होती.